द्राक्षं दाबली कांद्याच्या बटणावर

चोरीला पूर्वी अंधार लागायचा, पळायला पाय लागायचे आणि पकडलं गेल्यावर खाली घालायला मान लागायची. विलायतेतल्या सुपरमार्केटात आता यातलं काहीच लागत नाही. गिऱ्हाईक द्राक्षांची पिशवी काट्यावर ठेवतं आणि समोरच्या पडद्यावर कांद्याचं चित्र दाबतं. काटा इमानेइतबारे वजन करतो. वजन अगदी बरोबर भरतं. कांद्याच्या भावात द्राक्षांची पावती निघते आणि गिऱ्हाईक उजळ माथ्यानं दारातून बाहेर पडतं. यंत्र वर त्याचे आभार मानतं.

नाशिक जिल्ह्यातल्या आम्हा निफाडकरांना ही चोरी समजावून सांगावी लागत नाही. द्राक्षं आमच्या तालुक्यातली, कांदाही आमच्याच तालुक्यातला. द्राक्षं कांद्याच्या भावात उचलायची विद्या आमच्याकडे गोऱ्या गिऱ्हाइकाच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. फरक इतकाच की तिकडे बटण गिऱ्हाईक दाबतं, इकडे व्यापारी दाबतो.

तर हे यंत्र. डेव्हिड हंबल नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ते बनवलं आणि १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या क्रोगर या किराणा साखळीच्या दुकानात ते बसलं. कल्पना अशी की गल्ल्यावरचा माणूस काढायचा, त्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं आणि त्या कामाचा पगार कोणालाच द्यायचा नाही. एवढी नामी कल्पना आमच्या एखाद्या सहकारी संस्थेच्या संचालकाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटतं. पण माणूस काढला की त्याची नजरही जाते. ती नजर भरून काढायला पिशवी ठेवायच्या ताटलीखाली वजनाचा सेन्सर बसवला. बिस्किटाच्या पुड्याचं वजन दुकानाच्या यादीत आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही पुडा स्कॅन केलात आणि पिशवीत पडलेलं वजन त्याच्याशी जुळलं नाही, की यंत्र चारचौघांत ओरडतं, पिशवीत भलतीच वस्तू आहे म्हणून. लांबून एक पोरगी येते, किल्ली फिरवते, तुमच्याकडे बघून हसते आणि जाते. काढून टाकलेला माणूस तो हाच. आता तो सहा यंत्रांमागे एक उरला.

सेन्सर म्हणजे तरी काय? त्याला लोड सेल म्हणतात. धातूचा एक ठोकळा आणि त्याला चिकटवलेल्या बारीक तारा. भार पडला की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल आकडा होऊन पडद्यावर उमटतो. त्याला जात-पात, भाव-ताव काही कळत नाही. फक्त वजन कळतं. आता मेथीची एक जुडी दुसरीसारखी कधी भरत नाही, पावसात ओली झालेली पिशवी कोरडीसारखी भरत नाही. सेन्सर कडक ठेवला तर तो दर दुसऱ्या म्हातारीला चोर ठरवतो. सैल ठेवला तर खऱ्या चोराचं फावतं. म्हातारीनं भर दुकानात आवाज चढवला की व्यवस्थापक सेन्सर सैल करतो. मग चोराला कळतं, हळूहळू सगळ्या गावाला कळतं.

महागाच्या मांसाचा तुकडा काट्यावर ठेवून केळ्याचा आकडा दाबायचा, याला अमेरिकेत 'केळ्याची युक्ती' असंच नाव पडलं आहे. केळ्याचा आकडा ४०११, जगभर एकच. बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांचा ४०२२. आमच्या थॉमसन जातीची एवढी कीर्ती, की तिला सातासमुद्रापार स्वतःचा आकडा आहे, आणि सातासमुद्रापार तो न दाबणारी माणसंही आहेत. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी गिऱ्हाइकांनी स्वतः स्कॅन केलेल्या १० लाख खरेद्या तपासल्या. विक्री २ कोटी १० लाख डॉलरची, आणि स्कॅन न होताच बाहेर गेलेला माल जवळजवळ साडेआठ लाख डॉलरचा. म्हणजे शंभराला चार. लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या गुन्हेशास्त्रज्ञ एमिलिन टेलर यांनी या चोरांचा अभ्यास केला. त्यात सराईत थोडे. बाकी आपल्यासारखेच पांढरपेशे, जे एरवी रस्त्यात सापडलेलं पाकीट परत करतील. पण यंत्राला फसवताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटतच नाही. एका सुपरमार्केटच्या हिशोबात तर जितकी गाजरं दुकानात आली त्याहून जास्त विकली गेल्याचं निघालं. गाजराचं पीक काट्यावरच आलं म्हणायचं.

शेवटी दुकानदारच थकले. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या २८ दुकानांच्या साखळीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची ही यंत्रं काढायचं ठरवलं. अमेरिकेच्या डॉलर जनरलनं २०२४ मध्ये सुमारे १२,००० दुकानांतून ती हटवली. ॲमेझॉननं तर त्याच्याही पुढे जाऊन काटाच नको, गल्लाच नको अशी दुकानं काढली होती. वस्तू उचला, चालायला लागा, छतावरचे कॅमेरे बिल करतील. २०२४ मध्ये स्वतःच्या मोठ्या किराणा दुकानांतून ती पद्धत कंपनीनं मागे घेतली, तेव्हा बातमी आली की त्या जादूमागे भारतात बसलेली हजारभर माणसं व्हिडिओ बघत होती. कंपनीनं सांगितलं, तसं नाही, ती माणसं यंत्राला शिकवत होती आणि थोड्याच व्यवहारांची तपासणी करत होती. काही असो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं उचललेलं केळं केळंच आहे ना, हे बघायला शेवटी आपलाच माणूस बसवला होता, याचा मला राष्ट्रीय अभिमान वाटतो.

आपल्याकडे हे यंत्र फारसं आलेलं नाही, कारण आपल्याकडे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. आपला सेन्सर खाकी किंवा निळा शर्ट घालून दारात स्टुलावर बसतो. आत शिरताना तो तुमच्या पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळतो, बाहेर पडताना बिल बघतो, ट्रॉलीत नजर टाकतो आणि बिलाला भोक पाडतो. त्यानं आयुष्यात किती बिलं वाचली असतील कोण जाणे, पण भोकं लाखो पाडली असतील. त्या भोकाचा अर्थ असा की दुकानानं तुमच्यावर संशय घेतला होता आणि तो तूर्त मागे घेतला आहे. या भोकाचा कोणाला राग आलेला मी पाहिलेला नाही. उलट भोक न पाडता सोडलं तर आपणच घुटमळतो.

आणि इथून माझी खरी तक्रार सुरू होते. तो लोड सेल फक्त लंडनच्या ताटलीखाली नाही. त्याचेच थोरले भाऊ लासलगावला, विंचूरला, पिंपळगाव बसवंतला आणि आमच्या निफाडच्या उपबाजारात जमिनीखाली बसलेले आहेत. त्यांना आपण भुईकाटा म्हणतो. वर कांद्यानं भरलेली ट्रॉली चढते, खाली ठोकळा वाकतो, तारा ताणतात, केबिनच्या खिडकीत आकडा उमटतो. यंत्र तेच, धातू तोच. पण तिकडे काट्याची मालकी विकणाऱ्याकडे असते आणि संशय विकत घेणाऱ्यावर. या तर्कानं आमच्याकडे संशय व्यापाऱ्यावर यायला हवा, कारण इथे विकणारा शेतकरी आहे आणि माल व्यापारी नेतो. तसं होत नाही. इथे काटा घेणाऱ्याच्या सोयीचा आणि संशय देणाऱ्यावर. म्हणजे गिऱ्हाईक असलात तरी चोर तुम्ही, आणि दुकानदार झालात तरी चोर तुम्हीच. काटा ज्याच्या ताब्यात तो साव, इतका साधा नियम आहे आणि तो लंडनपासून लासलगावपर्यंत बदलत नाही.

उपबाजाराबाहेरच्या टपरीवर आमच्या ओळखीच्या एका नानांना मी हे विलायतेचं प्रकरण ऐकवलं.

"नाना, तिकडं गिऱ्हाईक स्वतःच वजन करतं."

"मंग दुकानदार काय करतो?"

"गिऱ्हाईक चोरतंय का ते बघतो."

नानांनी बशीतला चहा संपवला. "आपल्याकडं वजन बी तोच करतो न् बघतो बी तोच. आपण फक्त सही करायची."

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. कांद्याची आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिथला काटा खोटा आहे असं मी म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही. आकडा खरा असूनही माल कसा हलका होतो, हेच तर पाहण्यासारखं आहे. लिलावात ट्रॉलीचा वरचा थर बघून भाव बोलला जातो. मग ट्रॉली काट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे फाळका उघडला की आतून गोल्टी (बारका कांदा) निघते, खाद (खराब कांदा) निघते, नाही निघाली तरी कोणाच्या तरी डोळ्याला दिसते, आणि 'वांधा' पडतो. वांधा म्हणजे वजन कायम, भाव कमी. शेतकऱ्यासमोर दोन रस्ते असतात. एक, ट्रॉली पुन्हा भरायची, म्हणजे पुन्हा हमाली, पुन्हा डिझेल. दोन, मान हलवायची. विलायतेतलं ते कांद्याचं बटण आमच्याकडे खळ्यावर असतं ते असं.

बरं, वजन करून घेतल्याचे पैसेही ज्याचा माल तोलला त्यानंच द्यायचे. हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई अशा ओळी असतात आणि त्या शेतकऱ्याच्या रकमेतून वजा होतात. वजन भुईकाट्यावर होतं, मापारी बोटही लावत नाही, मग तोलाई कसली, हा शेतकऱ्यांचा जुना प्रश्न. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच कपातीवरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. व्यापारी एका बाजूला, हमाल-मापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे उन्हात कांदा. सुपरमार्केटनं गिऱ्हाइकाकडून 'तुमच्यावर संशय घेण्याचे शुल्क' म्हणून पावतीत दोन पौंड लावले असते तर इंग्लंडचं सरकार पडलं असतं. इथे ती ओळ पट्टीवर छापूनच येते.

या कपातीचं टोक फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरला दिसलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला, किलोला १ रुपयानं. वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता उरले सुमारे अडीच रुपये. धनादेश मिळाला २ रुपयांचा. पैसे धनादेशावर मावले नाहीत. काट्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, वजन चोख होतं. त्याआधी आमच्या तालुक्यातल्या नैताळेच्या एका शेतकऱ्याला २०१८ च्या नोव्हेंबरात ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले होते. त्यानं ते मनीऑर्डरीनं पंतप्रधानांना पाठवून दिले. मनीऑर्डरीचा खर्च त्यानं पदरचा केला, हे विशेष.

वजनातला किलो-दोन किलोचा फरक पकडायला आपण काट्यावर डोळे वटारून उभे राहतो. आणि ७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीत एक अधिसूचना निघते, कांद्याची निर्यात बंद होते, आणि ट्रॉली काट्यावर चढायच्या आधीच हलकी होते. ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत चालली. इतका मोठा हात काट्यावर पडला तरी कुठलाही सेन्सर वाजला नाही. वाजणार कसा? त्याला फक्त वजन कळतं.

आता शेतकरी काय धुतल्या तांदळाचा आहे? मुळीच नाही, आणि हे सदर कोणाच्या वर्गणीवर चालत नसल्यामुळे तेही लिहून टाकतो. वर मोठा कांदा आणि तळाला गोल्टी, ही रचना व्यापाऱ्याच्या कल्पनेतली नाही. फाळक्याच्या कोपऱ्यात मातीसकट कांदा भरणारे आहेत. भरल्या वजनाला ट्रॉलीवर तीन पोरं बसवायची आणि रिकाम्या वजनाला ती चहाला पाठवायची, हा खेळ कांद्याइतकाच जुना आहे. तीन पोरांचे दीड-पावणेदोन क्विंटल कांद्याच्या भावात विकले जातात. पण या खेळाचंही बघा, पोरं उतरलेली काटेवाल्याला खिडकीतून दिसतात आणि तो ओरडतो. शेतकऱ्याची लबाडी दिसण्याजोगी असते. तिला गरिबीमुळे अवजारं साधी मिळाली आहेत.

काटेवाल्याची लबाडी दिसत नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पेट्रोल पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्राच्या पोटात चिप निघाल्या. आकडा पुरा, पेट्रोल अपुरं. तोपर्यंत आपण सगळे टाकीत नाक खुपसून वास घेत होतो आणि मीटरवरचं शून्य बघून समाधान मानत होतो. उसाच्या काटामारीची ओरड तर राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं इतकी वर्षं केली आहे की आता ती गळीत हंगामाचाच भाग वाटते. हंगाम आला की वजनकाटे तपासायला भरारी पथकं नेमली जातात. नावातच भरारी असल्यामुळे ती जमिनीवर कितपत उतरतात हा प्रश्न विचारू नये. आमच्या निफाड तालुक्यात मात्र काटामारीवर रामबाण उपाय सापडला होता. तालुक्यात दोन सहकारी साखर कारखाने, पिंपळसचा आणि रानवडचा, आणि दोन्ही कधी बंद तर कधी भाड्यानं दिलेले. बंद कारखान्याचा काटा कोणालाही मारत नाही.

द्राक्षांची गोष्ट आणखी निराळी. युरोपला जाणाऱ्या आमच्या द्राक्षाइतकी झडती जगात कोणाची होत नसेल. मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, साखर मोजतात, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपनं कंटेनर अडवले आणि बागाईतदार रस्त्यावर आले. केंद्राच्या अपेडा या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदीवर प्रत्येक पेटीचा माग थेट बागेच्या प्लॉटपर्यंत लागतो. पाचशे ग्रॅमच्या डबीत, म्हणजे पनेटमध्ये, काही ग्रॅम जास्तच भरतात, कारण वाटेत पाणी उडून वजन घटतं आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला एक ग्रॅमही कमी जाता कामा नये. एवढं सोवळं पाळून ती द्राक्षं तिथे पोचतात. तिकडे पनेटमधली बारकोडमुळे वाचतात. कुठे सुटी मांडली की आहेच कोणीतरी कांद्याचं चित्र दाबायला.

पण ही झाली पिशवीभर चोरी. निफाड-दिंडोरीच्या बागांतून ट्रकभर द्राक्षं स्कॅन न होता गेली आहेत, वर्षानुवर्षं. बाहेरचा व्यापारी येतो, शिवारात सौदा करतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसला की पुढच्या गाड्यांचे धनादेश देतो, आणि हंगाम संपता संपता त्याचा फोन लागेनासा होतो. धनादेश बँकेतून परत येतो, व्यापारी येत नाही. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक म्हणून आले आणि त्यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली. तक्रारींची रीघ लागली, गुन्हे नोंदले गेले, काहींनी पैसे आणून दिले. याचा अर्थ पैसे होते. पोलीस ठाण्याच्या दारात तेवढा काटा बसवावा लागला, इतकंच.

त्या गाड्यांचं वजन मात्र दर वेळी चोख झालं होतं. कॅरेट मोजले, कॅरेटचं वजन वजा केलं, पावती फाडली. जगातला कोणताही लोड सेल त्या व्यवहारात काहीही गैर सापडल्याचं सांगणार नाही.

रेशनच्या दुकानात जा. तिथे सेन्सर कुठे लावला? कार्डधारकाच्या अंगठ्याखाली. शेतात राबून रेषा झिजलेली आजी चार वेळा अंगठा दाबते, यंत्र चार वेळा नाही म्हणतं आणि आजी ओशाळते, जणू अंगठा चोरून आणलाय. आपला अंगठा आपलाच आहे हे तिनं सिद्ध केलं, की पुढचा गहू ज्या काट्यावर मोजायचा त्याचा त्या यंत्राशी काही संबंध नसायचा. केंद्र सरकारला जून २०२१ मध्ये वाटलं की अंगठ्याचं ते ई-पॉस यंत्र इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडावं, आणि तसा नियम सुधारला. म्हणजे आधी घेणाऱ्याचा अंगठा, आणि फार पुढे कधीतरी देणाऱ्याचा काटा. क्रम लक्षात घ्या.

कायद्याचा क्रमही तोच. दुकानातून तुम्ही चिवड्याचं पाकीट खिशात घातलं तर ती चोरी. जुन्या भारतीय दंड विधानात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेवर भागतं, एवढी दया नव्या कायद्यानं दाखवली. आणि खोटा काटा? जुन्या दंड विधानात खोट्या वजनमापांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच होतं, एक वर्षापर्यंत कैद सांगणारं. नव्या संहितेत ते प्रकरण घेतलंच नाही, कारण त्यासाठी वैधमापनशास्त्र कायदा आहे म्हणे. त्या २००९ च्या कायद्यानं सांगितल्यापेक्षा कमी माल देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी काय ठेवलं? दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तुरुंगाची गोष्ट दुसऱ्यांदा सापडल्यावर. एका ट्रॉलीत पाच किलो मारले आणि हंगामभर मारले, तर दहा हजार किती दिवसांत वसूल होतात याचा हिशोब शेतकऱ्याच्या पोराला कागद न घेता येतो.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी आमच्या निफाडमध्ये जन्मले, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. न्यायमूर्तींच्या गावात तराजूबद्दल इतकं वाकडं लिहावं लागतं, याबद्दल दिलगीर आहे. पण विलायतेतले दुकानदार गिऱ्हाइकावर चाळीस वर्षं संशय घेऊन शेवटी यंत्र उचलून न्यायला लागले, आणि इथे काटेवाल्यावर एकदा तरी नीट संशय घ्या म्हटलं की बाजार बंद ठेवायच्या गोष्टी निघतात, ही माझी बोच आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. सुपरमार्केटच्या यंत्राला जी सवय लावली तीच भुईकाट्याला लावा: पडदा दोन्ही बाजूंना, आकडा विकणाऱ्याला ट्रॅक्टरवर बसल्या जागी दिसेल असा. वजन झालं की त्याच क्षणी ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाऊ द्या. खळ्यावर वांधा काढला तर त्याची लेखी नोंद, कारणासकट आणि नावासकट, बाजार समितीच्या दप्तरात. आणि तोलाई ज्याला काट्याचा उपयोग होतो त्याच्याकडून. बाजार समितीच्या निवडणुकीत पॅनेल उभी राहतात तेव्हा ती विकासाबद्दल पुष्कळ बोलतात. यातली एखादी गोष्ट करणार का, एवढं त्यांना विचारा.

तोवर काटा आहे तो असा आहे. कांदा घेऊन निघालात की काट्यावरची पडताळणीची तारीख वाचा. ती तिथे लावलेली असायला हवी. ट्रॉली चढायच्या आधी पडद्यावर शून्य आहे का बघा. रिकाम्या ट्रॉलीचं वजन मागच्या खेपेचं लिहू देऊ नका, समोर करून घ्या. पावती मागा. देत नसेल तर तक्रार वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे होते, नाशिकला त्यांचं कार्यालय आहे. आणि भरल्या वजनाला जितकी पोरं ट्रॉलीवर बसवली होती, तितकीच रिकाम्या वजनालाही बसवा.